सिंथेटिक टाकल्यापासून गाडी ऑइल खातेय? ऑइल बदलण्याआधी हे तपासा

"सिंथेटिक टाकलं आणि गाडी ऑइल खायला लागली." गॅरेजमध्ये ही तक्रार वर्षभर येते, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या लांबच्या प्रवासानंतर जरा जास्तच. गाडी सात-आठ वर्षं जुनी असते. इतकी वर्षं साधं मिनरल ऑइल चाललेलं असतं. मग इंजिनाला बरं पडेल म्हणून मालक दुप्पट पैसे मोजून सिंथेटिक टाकतो आणि दोन-अडीच हजार किलोमीटरवर डिपस्टिक खालच्या खुणेला टेकलेली दिसते. टॉप-अप केलं की महिन्याभरात पुन्हा तेच. वैतागून तो परत मिनरलवर येतो, तरी लेव्हल उतरतच राहते. पुढच्या सर्व्हिसला कुणीतरी तिसरा ब्रँड सुचवतो.

हा फेरा थांबवायचा असेल तर माझं म्हणणं एकच आहे. ऑइल नेमकं कुठं जातंय हे कळल्याशिवाय ऑइल बदलू नका. आणि कॅनवर "सिंथेटिक" लिहिलंय की "मिनरल", याच्या आधी त्यावरचा ग्रेड वाचा, कारण बहुतेक वेळा फरक तिथंच पडलेला असतो.

ते कसं, ते पाहू. जुन्या गाडीत २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० मिनरल होतं आणि आता ५डब्ल्यू-३० सिंथेटिक आलं. डब्ल्यूनंतरचा आकडा म्हणजे तापलेल्या ऑइलची जाडी. यात दोन गोष्टी एकदम बदलल्या: तेलाचा पाया, म्हणजे ज्या मूळ तेलापासून ऑइल बनतं ते, बदलला आणि जाडीही बदलली. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक एवढ्या जाडीत बसतं, तर ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ मध्ये. म्हणजे इंजिन पूर्ण तापल्यावर नवं ऑइल सरळसरळ पातळ आहे. १५० अंशांना, ऑइल जोरात घासलं जात असताना मोजलेल्या जाडीची किमान अट ३० ग्रेडला २.९ मिलिपास्कल-सेकंद आहे आणि १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० ला ३.७. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा आणि व्हॉल्वची कडक झालेली रबरी सील जाड ऑइल कसंबसं अडवून धरत होती. पातळ ऑइल त्याच फटीतून जास्त जातं. यात सिंथेटिकपणाचा दोष नाही. ५डब्ल्यू-३० चं सेमी-सिंथेटिक टाकलं असतं तरी हेच झालं असतं.

ग्रेड तोच ठेवून फक्त पाया बदलला तर उलट अनुभव येतो. मिनरल ऑइलमध्ये हलके-जड रेणू एकत्र असतात. हलके रेणू गरम पिस्टनजवळ उडून जातात आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, ओढले जातात. हे मोजायची नोअॅक नावाची चाचणी आहे: २५० अंशांना तासभर तापवून वजन किती घटलं ते बघतात. हल्लीच्या पेट्रोल ऑइलच्या आयएलसॅक मानकात ही घट १५ टक्क्यांच्या आत असावी लागते, युरोपच्या ए३/बी४ मानकात १३ टक्क्यांच्या आत. चांगलं सिंथेटिक याहून बरंच खाली राहतं. म्हणून एकाच ग्रेडची तुलना केली तर उडून जाणारं ऑइल सिंथेटिकमध्ये सहसा कमीच असतं.

आधी मोजमाप

तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांकडे आकडा नसतो. "कमी होतंय" एवढंच असतं. किती कमी, किती किलोमीटरमध्ये, हे कळल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

डिपस्टिक बघायची जागा ठरवून घ्या. सोसायटीच्या पार्किंगमधली सपाट जागा, गाडी दरवेळी त्याच तोंडाने उभी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये इंजिन गरम करून बंद केल्यावर काही मिनिटांनी बघा असं लिहिलं असेल तर दरवेळी तसंच बघा. एकदा सकाळी थंड इंजिनावर आणि एकदा हायवेवरून आल्या-आल्या, असं केलं तर आकड्याला अर्थ राहत नाही. डिपस्टिक बाहेर काढा, पुसा, पूर्ण आत बसवा, परत काढा आणि दोन्ही बाजू बघा. दोन बाजूंना वेगळी रेघ दिसली तर खालची धरा, वरची नळीला लागून आलेली असते.

सर्व्हिसच्या दुसऱ्या दिवशी पहिली नोंद घ्या. फार लोक इथंच फसतात. नवा फिल्टर रिकामा असतो. ऑइल भरून इंजिन चालू न करताच लेव्हल बघितली तर ती वरच्या खुणेला दिसते आणि फिल्टर भरला की पाव लिटरच्या आसपास उतरते. मालकाला वाटतं पहिल्याच दिवशी ऑइल प्यायली.

उलट बाजूची चूकही तितकीच महागात पडते. "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून वरच्या खुणेच्याही वर भरतात. मग क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, त्या ऑइलमध्ये फिरते, फेस होतो, ऑइलचे तुषार ब्रीदरमधून इनटेकमध्ये जातात आणि जळतात. लेव्हल खाली आली की टॉप-अप, आणि पुन्हा तेच. अशा गाडीचं निदान म्हणजे दोन खुणांच्या मधोमध लेव्हल ठेवायची आणि हजार किलोमीटर चालवून बघायची. कितीतरी गाड्यांची तक्रार एवढ्यावर मिटते.

बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमध्ये पाऊण ते एक लिटर ऑइल बसतं. टॉप-अप करताना अंदाजे ओतू नका, खुणा असलेलं प्लास्टिकचं माप वापरा आणि किती मिली घातलं ते किलोमीटरसकट लिहून ठेवा. १००० किलोमीटरला १००-१५० मिली हे जुन्या इंजिनाला चालण्यासारखं आहे. काही युरोपीय कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तर १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप मान्य धरलेला असतो. माझ्या मते आपल्याकडच्या साध्या पेट्रोल गाडीने अर्धा लिटर खाल्लं तर शोध घ्यायलाच हवा.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची वाट बघू नका. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलचा दाब दाखवतो, लेव्हल नाही. घाटातल्या वळणावर तो क्षणभर लुकलुकला तर पंपाच्या तोंडाशी हवा आली आहे, म्हणजे ऑइल धोक्याच्या खाली गेलंय. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंतो अशा कितीतरी गाड्यांत बसलेलं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन घ्या. त्यात ऑइल बसतं जेमतेम तीन लिटरच्या पुढं, आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. एक लिटर कमी झालं म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. अशा इंजिनात ऑइल कमी ठेवून चालवणं मला अजिबात पटत नाही.

बाहेर गळतंय का

जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही, असं नसतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गळलं तर थेंब गरम एक्झॉस्टवर पडून तिथंच जळतो. सिग्नलला थांबल्यावर काच खाली केली की करपट वास येतो, खाली मात्र काही सापडत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर, खालच्या बाजूला ओल दिसली तर क्रँकचं मागचं सील. ऑइल प्रेशर स्विच, टर्बोची रिटर्न पाइप, ऑइल चेंबरचा जोड, सगळीकडे बॅटरी मारून बघा. आधी इंजिन खालून स्वच्छ धुऊन घ्या, शे-दोनशे किलोमीटर चालवा आणि मग बघा. जुन्या चिकट मळावर नवी गळती शोधता येत नाही.

तक्रार नेमकी सर्व्हिसनंतर सुरू झाली असेल तर दोन जागा सगळ्यात आधी. ड्रेन नटचा वॉशर जुनाच परत बसवलेला असतो, तो नवा टाका. दुसरी, फिल्टर काढताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक. सुरुवातीला थेंब-थेंब, आणि एखाद्या दिवशी हायवेवर एकदम सगळं ऑइल बाहेर.

सिंथेटिकने सील खराब होतात, ही भीती जुनी आहे आणि तिला एकेकाळी आधार होता. सुरुवातीच्या पीएओ या प्रकारच्या सिंथेटिक ऑइलने रबर थोडं आकसायचं. पुढं त्यात एस्टर नावाचं रसायन मिसळून तो तोल साधला, आणि आजच्या मानकांत सीलच्या रबराची चाचणी असतेच. पण पंधरा वर्षं जुन्या गाडीत रबर आधीच कडक झालेलं असतं आणि त्याच्या कडेला साचलेला गाळच फट बुजवून बसलेला असतो. चांगल्या ऑइलमधल्या डिटर्जंटने तो गाळ सुटला की लपलेली गळती उघडी पडते. तिथं सील बदलायचं, ऑइल नाही.

जळतंय का

डाग नाही, ओल नाही, तरी कमी होतंय, म्हणजे जळतंय. सायलेन्सरमधून निळा धूर दिसलाच पाहिजे असंही नाही, थोडं ऑइल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गिळून टाकतो. म्हणून धूर नेमका कधी येतो ते बघायचं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना एक निळा भपका येऊन थांबला तर व्हॉल्व सील. चढावर लोड पडला की सतत येत राहिला तर रिंगा. डिझेल किंवा टर्बो गाडी पाचेक मिनिटं आयडलवर ठेवून रेस केल्यावर आला तर टर्बोचं सील.

पेट्रोल गाडीसाठी आपल्याकडे घाटासारखी दुसरी चाचणी नाही. कोणताही लांब उतार घ्या, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला. थ्रॉटल बंद असल्याने इनटेकमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो व्हॉल्वच्या गाइडमधून ऑइल आत ओढतो. उतार संपल्यावर एकदम अॅक्सिलरेटर दाबा आणि मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगा. निळा ढग दिसला तर बहुतेक व्हॉल्व सीलच. कोकणात जाऊन आल्यावरच ऑइल कमी झालेलं दिसतं, शहरात नाही, याचं हे एक कारण आहे.

इंजिन खोलायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व तपासायलाच हवा. हा स्वस्त भाग आहे आणि तरी सगळ्यात दुर्लक्षित. इंजिनातला दाब इनटेकमध्ये सोडायचं त्याचं काम. तो उघडाच अडकला तर ऑइलचे तुषार सरळ आत ओढले जातात, बंद अडकला तर आत दाब साचून ऑइल सीलमधून बाहेर येतं. एका शिक्षकांची पेट्रोल हॅचबॅक आठवते. सिंथेटिकवर गेल्यापासून ऑइल कमी होतंय म्हणून त्यांना रिंगा बदलायचा सल्ला मिळाला होता. चारही प्लग काढून क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले. चारही सारखेच काळे, ओलसर. एखाद्या सिलिंडरची रिंग गेली असती तर एकच प्लग उठून दिसला असता, सगळे एकसारखे म्हटल्यावर ऑइल सामाईक वाटेने, म्हणजे इनटेकमधून येतंय. पीसीव्ही व्हॉल्व काढून कानाशी हलवला. चांगला व्हॉल्व खुळखुळतो. हा मुका होता, आतली गोळी काळ्या राळेत रुतलेली. नवा बसवला, इनटेकची नळी पुसून काढली, आणि ऑइल तेच सिंथेटिक ठेवलं. खप थांबला.

सगळ्याच गाड्यांत हा व्हॉल्व सुटा नसतो, काहींत टॅपेट कव्हरमध्येच पडदा असतो. तिथं इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. झाकण आत ओढलं जाऊन निघतच नसेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पडदा फाटलाय. उलट झाकणातून धुराचे फुत्कार येत असतील तर एक तर वाट तुंबलीय किंवा रिंगा गेल्यात. मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा. आधी कोरडी, नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून. ऑइल टाकल्यावर दाब चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व. व्हॉल्व सील मात्र या टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून वरची घाटाची चाचणी.

डिझेलमध्ये लेव्हल वाढते, ती जास्त वाईट

बीएस६ डिझेल गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. त्यात साचलेली काजळी जाळायला बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात. शहरातल्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत हे काम अर्धवट राहतं, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक वरच्या खुणेच्या वर, आणि ऑइलला डिझेलचा वास. ही लेव्हल बघून खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय. ते बदला आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा.

यातून एक चकवाही तयार होतो. ऑइल थोडं जळत असतं, तितकंच डिझेल आत येत असतं, म्हणून लेव्हल महिनोन् महिने जागची हलत नाही. मग पुणे-नागपूर असा लांबचा प्रवास होतो, तापलेल्या ऑइलमधलं इंधन उडून जातं, आणि एका फेरीत अर्धा लिटर गायब. खप त्या फेरीत झालेला नसतो, आधीपासून चालू असतो. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोल गाड्यांतही हे घडतं.

डीपीएफवाल्या गाडीत स्वस्त पडतं म्हणून जुन्या डिझेल गाडीचं मिनरल ऑइल टाकू नका. या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, कारण ऑइलमधली राख काजळीसारखी जळून जात नाही, फिल्टरमध्ये कायमची बसते.

मग टाकायचं कोणतं

मॅन्युअल उघडा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये एकच ग्रेड नसतो, तापमानाप्रमाणे दोन-तीन दिलेले असतात. इंजिन निरोगी असेल तर त्यातला पहिला घ्या. खप मर्यादेत आहे पण वाढतोय, पीसीव्ही आणि गळती दोन्ही तपासून झालंय, तर यादीतलाच एक पायरी जाड ग्रेड घ्या, शक्यतो सिंथेटिकमध्येच. उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० ऐवजी ५डब्ल्यू-४०, यादीत असेल तर. यादीबाहेर जाऊन २०डब्ल्यू-५० ओतू नका. व्हेरिएबल व्हॉल्व टायमिंगच्या बारीक वाटा आणि चेनचे टेन्शनर ठरावीक जाडीवर बेतलेले असतात. ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ साठी बनवलेल्या नव्या इंजिनांना हे जास्तच लागू. ज्या इंजिनात टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये फिरतो, तिथं कंपनीने दिलेल्या मानकापलीकडचं एक थेंबही नको.

पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, थंडीतला. महाराष्ट्रात निफाडची कडाक्याची थंडी धरली तरी २०डब्ल्यू ऑइल गोठत नाही. तरी सकाळी चालू केल्यावर ५डब्ल्यू सिंथेटिक वरच्या कॅमपर्यंत लवकर पोचतं, आणि झीज त्या काही सेकंदांतच जास्त होते. हिवाळ्यात गाडी घेऊन लडाखला जाणाऱ्यांना तर ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूच हवं.

टर्बो पेट्रोलवाल्यांनी कॅनवर "एपीआय एसपी" हे मानक लिहिलंय का ते बघावं. हे मानक २०२० चं. कमी आरपीएमवर जोर दिला की अवेळी होणारा स्फोट, ज्याने पिस्टन फुटू शकतो, तो टाळायची चाचणी त्यात आहे. सीएनजीवाल्यांनी ऑइलच्या रंगावर जाऊ नये. गॅसची काजळी होत नाही, म्हणून ऑइल सोनेरीच दिसतं, पण उष्णतेने आतून जुनं होतंच. आणि सिंथेटिक आहे म्हणून वर्षाची मुदत चुकवू नका. रोज तीन किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ओल आणि इंधन ऑइलमध्ये साचतं, किलोमीटर कितीही कमी असोत.

वाटेत ऑइल कमी पडलं आणि मिळालं तेवढं मिनरलच, तर बिनधास्त टाका. प्रमाणित इंजिन ऑइल एकमेकांत मिसळतात, नासत नाहीत. कमी ऑइलवर घरी पोचण्यापेक्षा मिसळलेलं हजारदा बरं.

मिनरलवरून सिंथेटिकवर जाताना रॉकेल किंवा डिझेल टाकून इंजिन धुण्याची पद्धत अजून चालू आहे. कृपा करून करू देऊ नका. ते पूर्ण निघत नाही, नवं ऑइल पातळ करतं, आणि सुटलेला गाळ चेंबरमधल्या जाळीत जाऊन बसतो. त्यापेक्षा पहिलं सिंथेटिक पाच हजारावरच फिल्टरसकट बदला. ऑइल रिंगेतला कार्बन थोडाच असेल तर तो असाच, दोन-तीन बदलांत हळूहळू सुटतो. ऑइल घट्ट करणारी बाटलीतली औषधं मी सुचवत नाही. धूर महिनाभर लपतो, फट तशीच राहते. ऑइलचे रिकामे कॅन टाकण्याआधी भोक पाडा, नाहीतर त्याच कॅनमध्ये डुप्लिकेट ऑइल भरून विकायला येतं.

एवढं सगळं करूनही हजार किलोमीटरला अर्धा लिटरच्या वर जात असेल आणि कॉम्प्रेशन पडलेलं असेल, तर रिंगांचं काम करावंच लागेल. जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो आणि तो बदलणंही महागात पडतं. काम करताना सिलिंडरचं बोअर मोजून घ्या, फक्त रिंगा बदलून झिजलेल्या बोअरमध्ये खप थांबत नाही, आणि हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व सीलही बदला. नव्या रिंगांवर पहिल्यांदा मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच साधं ऑइल भरा, हजार किलोमीटर एकसारख्या वेगाने न चालवता वेग कमी-जास्त करत चालवा, ते ऑइल फिल्टरसकट काढा आणि तिथून पुढं सिंथेटिकवर या.